गंधमुक्ती

सुरतेत नवागामहून लिंबायतला सायकलने जायचं तर गरनाळ्याला पर्याय नाही. गरनाळं म्हणजे रुळांखालून काढलेला बुटका रस्ता. वरून मालगाडी गेली की छताचं पाणी मानेवर ठिबकतं आणि ते कसलं पाणी याचा विचार करायचा नसतो. कडेने काळा चिखल, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एखादी फुगलेली घूस. भिंतींवर माणसाच्या उंचीपर्यंत पिचकाऱ्या. उतार लागला की बोलत चाललेले सायकलवाले गप्प होतात, श्वास कोंडून पायडल मारतात आणि पलीकडच्या चढावर तोंड उघडतात. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. नोकरीला लागल्यापासून जाता-येता इथे श्वास कोंडत आले आहे.

माझे वडील, आप्पा, कोंडत नसत. त्यांची दिवसपाळी असली की आम्ही बरोबर निघायचो. गरनाळ्यात शिरलं की ते मुद्दाम मोठ्याने बोलत, कारण तिथे आवाज घुमतो.

"श्वास ले, मास्तरीनबाई! फुकट शे!"

पुढचा एखादा दचकून मागे बघायचा. आप्पा घंटी वाजवत पुढे निघून जायचे.

त्यांना वासाचं काही वाटत नसे, कारण त्यांचा जन्म डाइंग मिलच्या कलर किचनमध्ये गेला. रंग कालवायची जागा ती. नाव मात्र किचन. पॉलिस्टरच्या रंगात एक ॲसिड घालावं लागतं. त्याला आंबूस, उग्र वास असतो, ताडी फार दिवस ठेवल्यासारखा. तो आप्पांच्या कपड्यांत होता, केसांत होता, सायकलच्या मुठींतसुद्धा होता. माय त्यांना ओट्यावर अंघोळ करायला लावायची. "तुमनं किचन तठेच ठेवीसन या," म्हणायची. दगाकाकांचा मुलगा वाल्मिक लहानपणी शाळेसाठी आमच्याकडे राहायला होता. तो आप्पांजवळ झोपायचा आणि नाक चिमटीत धरून म्हणायचा, "काका, तुमी लोणचं शेतस." आप्पा त्याला आणखी जवळ ओढायचे.

त्यांचं नाव उखा. आजीची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून हा झाल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवला आणि नाव उखा ठेवलं. मरणाला किळस यावी, त्याने तोंड फिरवून पुढच्या घरी जावं, एवढाच हेतू. खानदेशात अशी नावं पुष्कळ. आप्पांना त्याचा कमीपणा वाटत नसे. "मरनले बी मना वास सहन व्हस नही," असं ते व्याह्यासोयऱ्यांतही सांगत आणि स्वतःच हसत.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी रातपाळी करून येताना आप्पा गरनाळ्याच्या तोंडाशी सायकलवरून पडले. डोकं कडेच्या दगडावर आपटलं. मला शाळेची सुट्टी होती, म्हणून मी त्या वाटेवर नव्हते. बाकी सगळे होते. दूधवाले होते, भाजीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बाया होत्या, पाळी सुटलेले लूमवाले होते. उन्हं चढल्यावर झाडूवाल्या दोघांनी त्यांना हातगाडीवर घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव झालाय, लवकर आणायला हवं होतं. दुपारी आप्पा गेले.

प्रेत घरी यायच्या आधी एक शब्द गल्लीत येऊन बसला होता. पेयेल व्हता. प्यायलेला होता.

गुजरातेत दारूबंदी आहे. दारू कुठे मिळते हे गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक असतं, पण बंदीमुळे प्यायलेल्या माणसाबद्दल बोलताना सगळ्यांना सोवळं नेसल्यासारखं वाटतं. प्लेगनंतर शहर धुऊन निघालं, रस्ते झाडले जाऊ लागले, आणि तेव्हापासून लोकांना नाकही फुटलं होतं. ज्यांची उभी हयात खाडीच्या काठावर गेली ते आता रुमाल लावून चालायला शिकले होते.

भेटायला येणाऱ्या बाया मायच्या गळ्यात पडून रडत, चहा घेत आणि उठता उठता माझ्या दंडाला हात लावत.

"माणूस सोन्यासारखा होता हो," शेजारच्या उषाबाई म्हणाल्या. "त्या सवयीनं घात केला."

"कोणत्या सवयीनं?"

"जाऊ दे बाई. गेलेल्या माणसाचं काय बोलायचं!"

त्यांच्या दाताच्या फटीत बिस्किटाचा लगदा अडकला होता. तो जिभेने काढत त्या पुढे म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी स्वतः वास घेतला ना."

"घेतला? मग ते तिथे होते?"

"म्हणजे जाता जाता." उषाबाईंनी कप खाली ठेवला. "पाळी होती त्यांची."

त्या आठवड्यात असे बरेच निघाले. प्रत्येकाने वास घेतला होता. वाकून, उभ्याने, सायकलवरून न उतरता. हे सगळे आमच्या ओट्यावर बसून मला तो वास समजावून सांगत होते, आणि मी त्यांना चहा देत होते. ॲसिडचा वास असतो तो, असं मी म्हणाले की ते मान डोलवत. मुलीने असंच म्हणायला हवं, अशा अर्थाची मान.

आमच्याकडे सुतक संपतं त्या विधीला गंधमुक्ती म्हणतात. सुतकात कपाळ कोरं ठेवायचं. त्या दिवशी सोयऱ्यांनी येऊन कपाळाला गंध लावायचं, मग मंडळी जेवून मोकळी. त्यानंतर गेलेल्याचा विषय भाऊबंदांत पुन्हा काढत नाहीत. जे ठरलं ते ठरलं. आमच्या गावची, पारोळ्याकडची माणसं जीप करून येणार होती आणि संध्याकाळी तो शब्द घेऊन परत जाणार होती. गावात आप्पांची मागे राहणार होती ती तेवढीच गोष्ट: सुरतेला गेला, दारू पिऊन गटाराकाठी मेला. मला तो शब्द गंधाच्या आधी मागे घेतलेला हवा होता.

दगाकाकांना, आप्पांच्या धाकट्या भावाला, मी हे सांगितलं.

"झाकेल बरं, पोरी," ते म्हणाले. "आते वाल्मिकनी सुपारी फुटनी. पोरीवाला बी येतीन जेवाले. तू भाषन नको करू."

आप्पांना मुलगा नव्हता. अग्नी वाल्मिकने दिला होता, मुंडणही त्याने केलं होतं. लग्न ठरलेलं असताना केस उतरवले म्हणून त्याचं कौतुक चाललं होतं.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी मी आप्पांची सायकल आणायला गेले. ती गरनाळ्याच्या तोंडाशी पंक्चर काढणाऱ्या ठाकोरभाईकडे पडून होती. त्याने तिचं वाकलेलं चाक सरळ केलं होतं, मडगार्ड पुसलं होतं. मला बघून तो हातातली ट्यूब पाण्यात बुडवत राहिला.

"बेन, खोटुं नी लगाडता," तो म्हणाला. "पीधेलाने कोण अडे? पोलीस पेला मने ज पूछे."

वाईट वाटून घेऊ नका; प्यायलेल्याला कोण शिवणार, पोलीस आधी मलाच धरणार. आप्पा कित्येक वर्षं त्याच्याकडे हवा भरत होते.

"ओळखलं नव्हतं का तुम्ही त्यांना?" मी हिंदीत विचारलं.

"ओळख्या ने! उकाभाई." त्याने ट्यूब फिरवली. बुडबुडे आले. "पण वास... मोटी वास आवती हती, बेन. बधा आवे, सूंघे, ने चालता थाय. एक छोकरो ऊभो रह्यो. नीचे वळीने जोयुं. मने थयुं के आ उचकशे. पछी एणे शर्ट झाटक्युं ने गयो."

एक मुलगा थांबला, त्याने वाकून पाहिलं, आता उचलेल असं वाटलं, आणि शर्ट झटकून गेला.

"कसा होता?"

"सफेद शर्ट, एकदम नवुं. सायकल पण नवी. हँडलने लीलां फुमतां."

हँडलला हिरवे गोंडे. ते दिवाळीत आप्पांनीच वाल्मिकला आणून दिले होते. आणि त्या रविवारी सकाळी लिंबायतला मुलीकडच्यांनी वाल्मिकला बघायचं ठरवलं होतं. पांढरा शर्ट त्यासाठीच शिवला होता; सुपारीही त्याच सकाळी फुटली.

मी सायकल हातात धरून घरी आणली. बसले नाही. मुठींना तोच आंबूस वास होता.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. भाऊबंद कोऱ्या कपाळांनी ओळीत बसले होते, सोयरे समोर. मागे बट्ट्या तळल्या जात होत्या आणि तेलाचा वास सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. माझे मामा श्रीरंग गंधाची वाटी घेऊन पुढे झाले. पहिला मान वाल्मिकचा. तो मुलीकडच्यांच्या नजरेसमोर मान खाली घालून, शहाण्यासारखा बसला होता. अंगावर तोच शर्ट होता, इस्त्री केलेला.

"मामा, थोडं थांबा," मी म्हणाले.

दगाकाका उठायला लागले. मामांनी त्यांना हाताने बसवलं.

दवाखान्यातून आप्पांचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत मिळाले होते. ती पिशवी मी सोडली नव्हती. आता गाठ सोडली आणि आप्पांचा शर्ट वाल्मिकच्या मांडीवर ठेवला. वास सुटला. पुढच्या ओळीतल्या दोघा-तिघांनी उपरणी नाकाला लावली. कोणीतरी म्हणालं, "काय करी ऱ्हायनी ही पोर? जेवानी येळ शे."

"वाल्मिक," मी म्हणाले, "तू त्यांच्याजवळ झोपायचास. सांग, हा कशाचा वास आहे?"

तो माझ्याकडे पाहीना. शर्टाला हात लावेना. बोटं मांडीपासून दूर, हवेत धरून बसला होता, चिखलात पडलेली वस्तू उचलायला सांगितल्यासारखा.

"सांग ना रे भो," मामा म्हणाले. "त्यात काय?"

"ॲसिड शे," वाल्मिक पुटपुटला. "मिलना वास शे. काका पेत नही व्हतात."

ओळीतून एक मोठा निःश्वास गेला. दगाकाकांचा चेहरा उजळला. "दखा, मी सांगी ऱ्हायंतू! चला, डाग गया. भाऊनं नाव ऱ्हायनं." पारोळ्याचा एक म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "शिकेल पोर शे, बापनं नाव राखं." मुलीचा बापही मान डोलवत होता. जो शब्द इतके दिवस आमच्या उंबऱ्यावर बसला होता, तो असा झुरळासारखा एका झटक्यात गेला. मला हवं होतं ते मला मिळालं होतं.

"हे तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"हाऊ काय सवाल शे?" दगाकाका म्हणाले.

"त्या सकाळी, गरनाळ्याशी वाकून पाहिलंस तेव्हाच कळलं ना?"

मागे झारा कढईवर आपटला. वाल्मिकच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याला लगेच येतं.

"ताई, बठ्ठा लोके म्हनेत, पेयेल शे, पेयेल शे... मी उचलता, तं माले बी तसंच म्हनतात. आनि पाहुना वाट दखी ऱ्हायंतात. मना शर्ट..." तो थांबला.

"शर्ट काय?"

"खराब व्हता."

म्हणजे खराब झाला असता.

दगाकाकांनी घसा खाकरला. "पोऱ्या शे, घाबरना. जे व्हयनं ते व्हयनं. उखाभाऊ पेयेल नही व्हता, हाई बठ्ठासनी आयकं. आखो काय पाहिजे?"

खरोखर मी एवढंच मागत होते. तेवढ्यात दारातल्या बायांमधून माय बोलली. सुतकात ती फारसं बोलली नव्हती. आवाज मोठा नव्हता.

"आनि पेयेल ऱ्हाता तं?"

माय उंबऱ्याच्या बाहेर आली.

"पेयेल ऱ्हाता, तं तठेच पडू देनं व्हतं का?" तिने भावाकडे पाहिलं. "लाव श्रीरंग, गंध लाव. मानसं भुक्या शेतस."

मामांच्या बोटावरचं गंध वाळलं होतं. त्यांनी बोट पुन्हा वाटीत बुडवलं आणि वाल्मिकच्या कपाळाला लावलं, मग शेजारच्याच्या, मग त्याच्या शेजारच्याच्या. एकेक कपाळ पिवळं होत गेलं. पत्रावळी मांडल्या गेल्या. वरण आलं, बट्ट्या आल्या, वांग्याची भाजी आली. बोलणं सुरू झालं, आधी हळू, मग नेहमीसारखं. मरणाला किळस येईल आणि ते परत फिरेल, असं आजीला वाटलं होतं. मरण इतकं नाजूक नसतं.

मी शर्ट घडी करून पिशवीत घातला आणि सायकल काढायला मागच्या बाजूला गेले. नळावर वाल्मिक उभा होता, नव्या गंधाखाली कपाळाला आठ्या घालून. त्याने शर्टाला हात लावला नव्हता, तरी तो साबणाने हात धूत होता. धुऊन झाल्यावर त्याने बोटं नाकाशी नेली, आणि पुन्हा साबण घेतला.