निम्म्या वाटेवरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. ज्या विमानतळावर लोक फक्त विमान बदलायला उतरतात, तिथे माझे आयुष्य गेले. कारखान्यातून आले तेव्हा माझी निळी गादी चकचकीत होती. "ही तर लोण्यावरून चालते!" असे मला ढकलणारा खुर्चीवाला कौतुकाने म्हणे.

गुडघे धरलेले, ऑपरेशन झालेले, पहिल्यांदाच एकटे निघालेले असे कितीतरी जण माझ्यावर बसले. एका विमानाच्या दारातून घ्यायचे, दुसऱ्याच्या दारात सोडायचे. आत मला प्रवेश नव्हता. पुढे त्यांचे काय झाले, हे कधी कळत नसे. एवढ्या गर्दीत मी एकटीच होते.

एका मावशींचे मात्र कळले. त्या आजारी थोरल्या बहिणीकडे निघाल्या होत्या. बहिणीचे शहर चौदा हजार किलोमीटरवर. विमान बदलून जायला अख्खा दिवस. हे आकडे ऐकूनच त्या दरवर्षी जाणे पुढे ढकलत आल्या होत्या. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा त्या निघाल्या, आणि नेमके पुढचे विमान रखडले.

"दादा, अजून किती लांब आहे?" त्यांनी खुर्चीवाल्याला विचारले.

"निम्मं झालं, मावशी. विमान सुटलं की पुढे नऊ तास."

"नऊ तास! तोवर राहील का हो अक्का?" त्यांनी माझा दांडा घट्ट धरला.

खुर्चीवाल्याने स्वतःचा फोन पुढे केला. नंबर मावशींना पाठ होता. पलीकडे भाचीने फोन आईच्या कानाशी धरला.

"अक्का, निम्म्यावर आलेय गं. थांबशील ना?"

दमलेला आवाज आला, "एवढी वर्षं तुझ्यासाठी थांबलेय. आता नऊ तासांनी काय होतंय? आणि विमानात काहीतरी खाऊन घे. उपाशी येऊन माझ्या डोक्याला ताप देऊ नकोस."

मावशी रडता रडता हसल्या.

महिन्याभराने परतताना त्या पुन्हा माझ्यावरच बसल्या.

"भेटल्या का अक्का?" खुर्चीवाल्याने हळूच विचारले.

"भेटली. आठ दिवस मनसोक्त भांडलो. मग गेली." त्या म्हणाल्या, "एका दिवसाची तर वाट होती रे. लांब, लांब म्हणत मीच घरात बसले."

त्यांना दारात सोडून आम्ही पुढच्या प्रवाशाकडे वळलो.

पुढे तो नोकरी सोडून गेला. माझे एक चाक अडकू लागले; तेल घालायला कुणाला सवड नव्हती. आता मी जिन्याखालच्या खोलीत मोडक्या ट्रॉल्यांबरोबर पडून आहे. बाहेर सुटणाऱ्या विमानांच्या घोषणा होतात. सुरुवातीला वाटे, कुणीतरी मला न्यायला येईल. आता तसे वाटत नाही.

मित्रांनो, माझे चाक दुरुस्त करा, असे म्हणायला मला आवडेल. पण त्याहून मोठे काही मागते. तुमचे कुणी दूर राहत असेल, तर तास मोजत बसू नका, जाऊन या. आणि वाटेत माझ्यासारख्या खुर्चीत कुणी एकटे बसलेले दिसले, तर शेजारी बसून एवढे तरी विचारा, "कुणाकडे निघालात?"