ब्याऐंशी किलो चारशे

आमच्या इमारतीची लिफ्ट सात महिन्यांपूर्वी बंद पडली आणि मी पाचव्या मजल्यावर राहते. माझं वजन उतरण्यामागे याहून जास्त काही नाही, पण हे उत्तर आजवर एकालाही पटलेलं नाही. लोकांना एक तर औषधाचं नाव हवं असतं, नाहीतर दुःखाचं.

वजन होतं तेव्हाही लोक बोलतच होते. समोरच्या काकू जिन्यात भेटल्या की कोमट पाण्याचे गुण सांगायच्या. जाऊबाई मला भेट म्हणून कपडा घ्यायच्या तेव्हा दुकानदाराला सगळ्यात मोठं माप कुठलं असं विचारायच्या, आणि तेही मी शेजारी उभी असताना. वजन उतरू लागलं तसं वाटलं, आता हे थांबेल. थांबलं नाही, बोलण्याचं तोंड फक्त दुसरीकडे वळलं. चेहरा पार उतरलाय, शुगर बघून घे, घरी सगळं बरं आहे ना? काकूंनी सासूबाईंना बाजूला घेऊन सुनेच्या पोटात जंत तर नाहीत ना, अशी चौकशी केली. तेव्हापासून मी जेवायला बसले की सासूबाई बाहेरचं दार उघडं ठेवू लागल्या. सुनेचं ताट भरलेलं आहे हे जिन्याला दिसावं म्हणून. आधीच किती छान दिसायचीस, असं एक मैत्रीण हळहळून म्हणाली. आधी मात्र ती असं कधी बोलली नव्हती.

आणि हे सगळं तीन किलोंवरून. ब्याऐंशीतले तीन म्हणजे शेकड्यात चारही नाहीत.

माझ्या वजनाबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे अशी एकच जागा होती, ती म्हणजे वजनकाटे दुरुस्त करण्याचा आमचा कारखाना. कारखाना म्हणजे आगेमागे दोन खोल्या, एक मोरी आणि तीन माणसं. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. काटे खोलून जोडणारा मेकॅनिक तो पक्कड. पक्कड हातात नसेल तर त्याला बोलणं सुचत नाही, म्हणून हे नाव. मी पदार्थविज्ञान शिकलेली, तपासणीच्या नोंदी माझ्याकडे.

दुरुस्त झालेल्या काट्यावर शेवटी वीस-वीस किलोची लोखंडी प्रमाण वजनं चढवून तो तपासावा लागतो. ती उचलताना कंबर धरते. म्हणून त्याआधी एक झटपट चाचणी असते: ताईला, म्हणजे मला, उभं करायचं. सहा वर्षं मी ब्याऐंशी किलो चारशे भरत होते, दोनशे ग्रॅम इकडे नाहीतर दोनशे तिकडे. माणसाचं शरीर इतकं स्थिर राहतं यावर माझा विश्वास बसला नसता, पण नोंदी मीच ठेवलेल्या आहेत. पक्कड काम संपलं की हाक मारायचा, "ताई, चढा." आकडा जुळला की म्हणायचा, "उतरा." बस. माझ्या वजनाचा कुणालातरी उपयोग होता आणि त्यावर कुणाचं मत नव्हतं. अशी जागा माणूस सहजासहजी सोडत नाही.

म्हणून मी ती सोडली नाही. वजन पहिल्यांदा अर्ध्या किलोनं उतरलं, तेव्हा पाचशे ग्रॅमचं पितळी वजन, हाताचा घाम लागून त्याचं माप बिघडू नये म्हणून, फडक्यात गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकलं आणि काट्यावर चढले. ब्याऐंशी चारशे. "उतरा," पक्कड म्हणाला. पुढे घरच्या काट्यावर रोज सकाळी वजन करायचं, वजाबाकी करायची आणि तेवढं पितळ कारखान्यात आल्यावर खिशात भरायचं, असा क्रमच पडला. कपाटातला चार किलोंचा पितळी संच महिन्यापूर्वीच सरकारी तपासणीतून पास होऊन आला होता, त्यामुळे त्याच्या अचूकपणाची काळजी नव्हती. माझ्या अकलेची काळजी करायला हवी होती.

त्या मंगळवारी पक्कडनं एका इस्पितळाच्या डायलिसिस विभागाचा काटा जोडून संपवला. हा काटा जमिनीलगत, रुंद असतो. चाकांच्या खुर्चीसकट माणसाला त्यावर ढकलतात. बिघाड साधा होता, आकडे दाखवणारी खिडकी गेली होती. दुपारी चार वाजता तिथल्या सिस्टर तो न्यायला येणार होत्या, कारण दुसऱ्या पाळीचे रुग्ण पाचला बसणार होते आणि त्यांचा दुसरा काटाही डळमळत होता. अडचण एकच. आमची लोखंडी वजनं वर्षाच्या तपासणीला गेली होती आणि शुक्रवारी परत येणार होती. मास्तर म्हणाले, काटा तपासल्याची शुक्रवारपर्यंतची तात्पुरती चिठ्ठी देऊ, ताई आहे की.

मी चढले. खिशात दोन किलो नऊशे ग्रॅम पितळ होतं. काट्यानं एक्याऐंशी चारशे दाखवलं.

"एक किलो खातोय," पक्कड म्हणाला.

मी उतरले. तो किलो काट्यानं खाल्ला की मी गमावला, हे मला सांगता येत नव्हतं. घरचा काटा गेल्या बुधवारी जाऊबाई घेऊन गेल्या होत्या. माझं बघून त्यांनीही वजन उतरवायला काहीतरी सुरू केलं होतं, आणि लिफ्टचं खरं उत्तर त्यांना देऊनही उपयोग झाला नव्हता. तेव्हापासून मी बुधवारच्याच आकड्यावर पितळ भरत होते. आणि त्याच सहा दिवसांत मी संध्याकाळी बाजारालाही पायी जाऊ लागले होते.

पक्कडनं काटा उघडला. जोड तपासले, तारा बदलल्या, चारही कोपऱ्यांचे पाय काढून पुसले. मला पुन्हा चढवलं. एक्याऐंशी चारशे. पुन्हा उघडला. दोन तास तो जमिनीवर पालथा पडून होता आणि मी टेबलाशी बसून वहीच्या एकाच ओळीवर पेन्सिल फिरवत होते. आता सांगावं, आता सांगावं, असं म्हणत होते. पण सांगितलं की या दोन खोल्यांतही सुरू होणार: काय केलंत, कसं केलंत, चेहरा उतरलाय खरा.

शेवटी पक्कडनं काट्याच्या आतला, वजनाला गुणणारा आकडाच बदलला. मी चढले, ब्याऐंशी चारशे आलं. मास्तरांनी चिठ्ठीचं पुस्तक पुढे ओढलं.

हिशोब मला मांडावा लागला नाही, तो आपोआप समोर आला. काटा बरोबर असेल आणि चूक माझी असेल, तर आता तो साठ किलोच्या माणसाचं वजन सातशेहून अधिक ग्रॅमनी जास्त दाखवणार. डायलिसिसमध्ये अंगातलं किती पाणी काढायचं ते वजनावरून ठरतं. म्हणजे कुणा म्हाताऱ्या माणसाच्या अंगातून नको असताना जवळजवळ पाऊण लिटर पाणी खेचलं जाणार, त्याला गरगरणार, पायांत गोळे येणार, कदाचित याहूनही वाईट. आणि हे का, तर मला कुणी बारीक झालीस म्हणू नये म्हणून.

"मास्तर, सही करू नका," मी म्हणाले.

त्यांचं पेन वरच राहिलं. मी खिशातून पुडकी काढली आणि टेबलावर एकेक करून उलगडली. दोन किलो. पाचशे. दोनशे. दोनशे. मग घरचा काटा, बुधवार, पाच मजले, सगळं एका दमात सांगितलं. मी इतकं सलग बोलताना त्या दोघांनी कधी ऐकलं नव्हतं.

मास्तरांनी चष्मा वर करून पितळाकडे पाहिलं. दोन किलोचं वजन फडक्यानं धरून उजेडात फिरवलं.

"नुसत्या हातानं उचललीस का?"

"नाही. फडक्यातच."

"रोज?"

"रोज. संध्याकाळी पुसून पेटीत."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

पक्कडला मात्र ते ठीक नव्हतं. तो जमिनीवरून उठला, गुडघे झटकले. तो काय म्हणेल याची मी मनातल्या मनात यादी केली होती, आणि तो म्हणाला त्यातलं एकही त्या यादीत नव्हतं.

"दोन तास, ताई. दोन तास मला वाटत होतं माझा हात बिघडला. बारा वर्षांत माझ्या जोडणीत किलोची खोट आली नाही."

"चुकलं माझं."

"चुकलंच. अहो, सांगायचं ना, आजपासून अमुक किलो धरा म्हणून. मी काय वरात काढणार होतो तुमची?"

यावर मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की नाकातून विचित्र आवाज निघतो, तसा निघाला. मास्तर हसले. पक्कड आधी हसायचं नाही म्हणून उभा राहिला, मग त्यालाही राहवलं नाही.

पण घड्याळात दोन वाजून गेले होते. लोखंड नाही, ताई बाद, आणि चारला सिस्टर येणार. मास्तर म्हणाले, फोन करून नाही म्हणून सांगू. तेव्हा टेबलावरच्या पितळाकडे बघताना मला सुचलं.

"पाणी," मी म्हणाले. "पितळ चार किलो आहे. तराजू आहे. पाण्याचीच वजनं बनवू."

मागच्या खोलीत मास्तरांच्या वडिलांच्या वेळचा दोन पारड्यांचा मोठा तराजू आहे. तो पाच ग्रॅमचाही फरक दाखवतो आणि रुसत नाही. पक्कड शेजारच्या रंगाऱ्याकडून दहा रिकामे डबे घेऊन आला. एका पारड्यात चार किलो पितळ ठेवलं, दुसऱ्यात डबा ठेवून पारडी समान होईपर्यंत पाणी ओतलं. डबा आणि पाणी मिळून चार किलो झाले. मग तो डबा पितळाच्या शेजारी ठेवला, त्याच्यासमोर दुसरा डबा आठ किलोंचा भरला. आठांत पितळाचे दोन मिळवून तिसरा दहाचा. दहा मिळाले की पुढे सोपं होतं. त्याच्यासमोर एकेक डबा भरत जायचं.

सोपं म्हणायचं आणि काय. मोरीतून पाणी आणताना पक्कड दोनदा घसरला. मास्तरांनी बाह्या दुमडल्या, पायजमा पोटऱ्यांपर्यंत चढवला, आणि थेंब मोजायचं काम स्वतःकडे घेतलं. तेलाच्या पिचकारीनं ते पाणी सोडायचे आणि मी तराजूच्या काट्याकडे बघून "अजून, अजून, बास" म्हणायचे. "बास म्हणायला उशीर करतेस," असं ते दर डब्याला म्हणाले. रंगारी दारात येऊन उभा राहिला आणि वजनकाटेवाल्यांनी पाण्याचा धंदा कधीपासून काढला म्हणून विचारू लागला. पक्कडनं त्याच्याही हातात बादली दिली. साडेतीनपर्यंत आम्ही चौघंही कमरेपर्यंत भिजलो होतो आणि आठ डबे तयार होते. ओळीनं उभे, बरोबर दहा-दहा किलोंचे. इतक्या वेळा तोलून चूक साठत जाते, म्हणून मी ती कागदावर काढली. ऐंशी किलोंत पन्नास ग्रॅमच्या आत होती.

डबे चढले. काट्यानं एक्याऐंशी दाखवलं. पक्कडनं श्वास रोखून आतला आकडा पूर्वीचा केला. खिडकीत ऐंशी उमटलं, आणि त्यापुढे शून्य.

"म्हणजे माझी जोडणी पहिल्यापासून बरोबर होती," पक्कड म्हणाला. हे त्यानं रंगाऱ्याला सांगितलं, मग मास्तरांना, मग मला, आणि मग पुन्हा रंगाऱ्याला.

डबे उतरवून मी चढले, रिकाम्या खिशांनी. अठ्ठ्याहत्तर पाचशे. मी तो आकडा मोठ्यानं वाचला. मास्तरांनी मान डोलावली आणि पक्कड म्हणाला, "उतरा."

सिस्टर बरोबर चारला आल्या. ओल्या फरशीवरून चपला सांभाळत त्यांनी काट्याभोवती एक फेरी मारली आणि एकदा चालवून दाखवा म्हणाल्या. मी पुढे होणार इतक्यात पक्कड स्वतःच चढला. आजवर तो कधी आमच्यादेखत काट्यावर चढला नव्हता. चढला, समोर पाहिलं आणि पोट आत घेतलं.

बारा वर्षं वजनकाटे जोडणारा माणूस काट्यावर उभा राहून पोट आत घेत होता. मास्तरांना इतकं हसू आलं की त्यांनी टेबल धरलं.

"राहू द्या हो बाहेर," सिस्टर म्हणाल्या. "आमच्याकडेही रोज करून बघतात. एका ग्रॅमचा फरक पडत नाही."

पक्कडनं पोट सोडलं. सदुसष्ट दोनशे. सिस्टरांनी तो आकडा ऐकला, बरं म्हणाल्या आणि चिठ्ठी मागितली. दिवसभर माणसांची वजनं घेणाऱ्या त्या बाईच्या चेहऱ्यावर ना शाबासकी होती ना काळजी. मास्तरांनी चिठ्ठीवर लिहिलं: ऐंशी किलो पाण्यावर तपासला, शुक्रवारी लोखंडावर पुन्हा तपासणे. सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. इतक्या वर्षांत चिठ्ठीवर दुसरी सही कधी नव्हती.

साडेपाचला आम्ही फरशी पुसत होतो तेव्हा सिस्टरांचा फोन आला. काटा नीट चालतोय एवढंच सांगायचं होतं. पहिल्या आजोबांचं वजन एकोणसाठ किलो तीनशे आलं, ठरलेलं पाणी काढणं चालू आहे, आणि आजोबांना चहा हवा आहे. मास्तरांनी काहीही कारण नसताना तो आकडा आमच्या वहीत लिहून ठेवला.