तपासणीपुरते पेशंट

“सलाइन लावलंय, मग सुई कुठंय?” कामिनीबाईंनी म्हातारीच्या हातावरची चिकटपट्टी उचलली. खाली कातडी कोरी होती.

ती म्हातारी, आनंदाबाई, ओशाळून हसली. “मले काहीच नाही झालं वो बाई. गाडीत बसवून आनलं. दिवसभर झोपून राहाचं, जेवाले देते म्हनते.”

शेजारच्या खाटांवरही तसेच धट्टेकट्टे पेशंट डोळे मिटून पडले होते. कामिनीबाईंना शिसारी आली.

सिहोऱ्याच्या धानशेतीतून निघून त्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या, तिथंच पस्तीस वर्षं राबल्या. आता निवृत्त होत्या. मिशनच्या संस्थेची दोन नर्सिंग कॉलेजं होती. दोन्ही पाहून गुण द्यायला संस्थेने तिघांची समिती नेमली, त्यात त्या एक. ज्याला जास्त गुण, ते वाढणार. दुसऱ्याचे प्रवेश बंद होणार. काल साकोलीचं कॉलेज पाहून झालं होतं. गळका व्हरांडा, पुस्तकांचं एकच कपाट. आज हायवेवरचं हे नवं कॉलेज आणि त्याचा दवाखाना. दारात मुलींनी प्रार्थना म्हटली, गुलाब दिले.

वॉर्डात फिनाइलचा आणि कसल्याशा अत्तराचा घमघमाट होता. पण त्याखालचा एक वास त्यांच्या नाकाला पस्तीस वर्षांच्या ओळखीचा होता. त्याचा माग काढत त्या टोकाच्या सामानाच्या खोलीपाशी आल्या. सोबतची उर्वशी, दुसऱ्या वर्षाची मुलगी, घाबरली. “तिकडं नका जाऊ मॅडम.”

त्यांनी कडी काढली. मोडक्या खुर्च्यांच्या मधे, स्ट्रेचरवर, अर्धांगवायू झालेले सोमाजी नावाचे एक पेशंट पडून होते. पाठीला पडून पडून झालेले बेडसोर, त्यावर चिकटलेलं मळकं कापड, भोवती माश्या.

“यांना इथं काहून ठेवलं?” कामिनीबाईंनी उर्वशीला विचारलं.

“वास येते ना. पाहुने जाईपर्यंत ठेवा म्हनलं मोठ्या मॅडमनं.”

“ड्रेसिंग कधी केलं?”

उर्वशी खाली पाहू लागली. “आमाले पुस्तकातच शिकवलं. पेशंटले हात लावूच नाही देत.”

जखमा त्यांनी याहून वाईट पाहिल्या होत्या. अंगणात पाहुण्यांसाठी पानं वाढली जात होती. त्यांनी बाह्या सरसावल्या, गरम पाणी मागवलं. “ये, धर यांना. नाक दाबू नको. त्यांना दिसतं ते.”

कापड भिजवून हळूहळू सोडवताना सोमाजी पुटपुटले, “बाई, तुमचे हात खराब होऊन राहिले.”

“धुता येतात, दादा.”

ड्रेसिंग संपत आलं तेव्हा समितीचे अध्यक्ष कुलदीप सर दारात आले, नाकाला रुमाल लावून. “सिस्टर, जेवण थांबलंय. आपण कॉलेज बघायला आलोय, दवाखाना नाही.”

“मुली इथंच शिकतात ना, सर? बाहेरचे पेशंट खोटे आहेत. तुम्हाला माहीत होतं?”

सरांनी मागे बोट दाखवलं. “इमारत बघा, संगणक बघा. साकोलीत काय आहे?”

“तिथल्या पोरी पेशंटला हात लावायच्या आधी हात धुतात. त्यांना सांगावं लागत नाही.”

“त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.”

कामिनीबाईंनी सोमाजींना आधी वॉर्डातल्या खाटेवर निजवायला लावलं. मग जेवणाच्या मांडवात जाऊन उभ्यानेच आपला फॉर्म भरला. साकोलीला पूर्ण गुण. इथं शून्य, आणि खाली कारण, सोमाजींच्या नावासकट.

कुलदीप सरांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. “दोन सह्या पुरतात,” एवढं म्हणून ते पानावर बसले. तिसऱ्या सदस्याने, ईश्वरभाऊंनी, मान वर केली नाही. ते मटणाचा रस्सा वाढून घेत होते.

कामिनीबाई पाणीही न पिता निघाल्या.

पंधरा दिवसांनी संस्थेचं पत्र निघालं. साकोलीचे नवे प्रवेश बंद. टपालाने कळण्याआधी आपण सांगावं, म्हणून कामिनीबाई एसटीने साकोलीला गेल्या.

वर्गात तिथल्या शिक्षिका रुखमिणी मॅडम नऊ पोरींना घेऊन खाटेभोवती उभ्या होत्या. पेशंट उठू शकत नसेल तर त्याला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, ते दाखवत होत्या. एका मुलीचा हात चुकला. मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

कामिनीबाईंनी दारातच चपला काढल्या आणि तास संपेपर्यंत बाहेर उभ्या राहिल्या.