आयाचं वाक्य

“हे वाक्य मी न्हाई लिवायची, सर.” अंजनाने वही मिटली.

उद्या दहावीचा इंग्रजीचा पेपर. आष्ट्यात बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांची शिकवणी मिलिंद सर घेत. चाळिशीला टेकलेली अंजना एका खासगी प्रसूतिगृहात आया होती, इंग्रजीत दोनदा नापास झालेली. या खेपेला सुटली तरच सरकारी भरतीत अर्ज करता येणार होता. पुढच्या वर्षी भरतीची वयोमर्यादा उलटत होती.

“अवो मावशी, ‘डू वन्स लेव्हल बेस्ट’ म्हणजे प्रयत्नांची शिकस्त करणे. त्याचा वाक्यात उपयोग करायचा. गाइडात आयतं दिलंय, डॉक्टरांनी रोग्याला वाचवायची शिकस्त केली. तेवढं इंग्रजीतनं उतरवा, दोन मार्क खिशात. मागं दोन मार्कांनीच गेलाय तुमी.”

“पर डाक्टर हुतं कुठं?”

“कुठले डॉक्टर? उदाहरण हाय ते!”

“तुमास्नी उदाहरण. आमच्या दवाखान्याच्या कागदावर बी ह्येच लिवलंय.”

मग तिने सांगितलं. वैशाखात एक बाळ जन्मलं ते रडलंच नाही. डॉक्टर लग्नाला सांगलीला गेलेले. अंजनाने बाळाच्या तोंडावर तोंड ठेवून श्वास भरला, दोन बोटांनी छाती दाबत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाने बावीस मिनिटं. बाळ गेलं. संध्याकाळी डॉक्टर आले आणि आपण शिकस्त केल्याचं लिहून सही करून मोकळे झाले.

“शिकस्त केली ती मी. त्येच लिवते.”

सर चाचरत म्हणाले, “बाळ वाचलं असतं तर तुमचं वाक्य शोभलं असतं, मावशी.”

“वाचलं असतं तर कोन इचारतंय, शिकस्त केली का न्हाई?”

सरांनी गाइड मिटलं. “स्वतःचं नाव तेवढं घालू नका. पेपर बाद करतील.”

“मग आया लिवते. आया म्हंजे मीच की.”

“चुकलं तर मार्क जाईल.”

“जाऊ द्या. माझं चुकलं म्हणून जाईल, खोटं लिवून मिळालेला तर नको!”

दुसऱ्या दिवशी तो प्रश्न आला. गाइडातलं वाक्य तिला अक्षर न् अक्षर पाठ होतं. तिने ते लिहिलं नाही. वाकड्या इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली. डॉक्टर तिथे नव्हते. आयाने शिकस्त केली. ‘लेव्हल’ दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला.

शेवटची घंटा झाली. वर्गावरच्या बाईंनी पुरवणी बांधायला दोरा दिला. अंजनाने तो भोकातून ओवला आणि नाळ बांधावी तशा दोन घट्ट गाठी मारल्या.