चहाबरोबरची गोळी

रिलेतला शेवटचा टप्पा माझा होता. शेवटची पळणारी म्हणजे घरातलं शेंडेफळ, सगळ्यांचा जीव तिच्यात. पण या हंगामात बॅटन हातात आलं की माझे पाय कुणाकडून उसने आणल्यासारखे व्हायचे. घरचा जिना चढतानासुद्धा मी मध्येच थांबून कठड्याला टेकायचे. मैत्रिणी आधी काळजीने विचारायच्या, मग 'गोगलगाय' म्हणायला लागल्या. आमच्या प्रशिक्षक मॅडम नुसती माझी वेळ वहीत लिहायच्या. ते जास्त लागायचं.

रक्त तपासलं तर लोह कमी निघालं. मला तर आनंदच झाला, म्हणजे मी आळशी नव्हते! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात रात्रपाळी करते. ती पहाटे घरी येते आणि मी मैदानावर निघते. मधल्या वेळात ओट्यापाशी उभ्या उभ्या आम्ही चहा घ्यायचो. दिवसभरातली तेवढीच आमची भेट. रिकाम्या पोटी गोळीने मला मळमळायचं, म्हणून आईने ती चहाबरोबर द्यायला सुरुवात केली. तिचे डोळे मिटत असायचे, पण माझ्या तळहातावर गोळी ठेवायला ती कधी चुकली नाही.

एक पाकीट संपलं, दुसरं आलं. पाय उसने ते उसनेच. मग मलाही वाटायला लागलं, असेन मी आळशी.

स्पर्धा तोंडावर आली आणि एका सकाळी मॅडम घरी आल्या. त्या दारात चपला काढत होत्या तेव्हाच मी ओळखलं. माझ्याकडे न बघता त्यांनी आईला सांगितलं, शेवटचा टप्पा चिमणीला दिलाय. चिमणी आमच्यातली सगळ्यात बुटकी, पण सुटली की वारा. आई नुसती मान हलवत राहिली. भांडायलाही अंगात जोर लागतो. तिने तीन कप चहा ओतला आणि सवयीने गोळी माझ्या हातावर ठेवली.

मी गोळी तोंडात टाकून कप उचलला, तोच ओट्यावरचं गोळ्यांचं पाकीट बघून मॅडमनी माझं मनगट धरलं.

"ही रोज चहाबरोबर घेतेस?"

मग त्यांनी समजावलं. चहा लोहाला अंगी लागू देत नाही, दूधही आडवं येतं. लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा नंतर बऱ्याच वेळाने.

आईने माझ्या हातातला कप काढून ओट्यावर ठेवला. "म्हणजे रोज मीच हिला मागे ओढत होते."

"ओल्या चादरी ओढणारी बाई तू," मी म्हटलं, "तुझ्यापुढे माझं काय चालणार?"

मॅडम हसल्या. तेवढ्यात मी धीर करून माझा टप्पा परत मागितला. पूर्वी तोंडातून शब्द फुटला नसता. त्यांनी नकाराची मान हलवली. अंगात रक्त भरायला महिने जातात, पुढच्या हंगामात निवड पुन्हा होईल, म्हणाल्या. स्पर्धेच्या दिवशी मी सगळ्यांची जॅकेटं सांभाळली आणि चिमणीच्या नावाने घसा बसवला.

आता आई यायच्या आत मी लिंबूपाण्याबरोबर गोळी घेते. चहा मैदानावरून परतल्यावर. तोवर आई जागी राहते, नको म्हटलं तरी.

आज मी आले तेव्हा ती टेबलावर डोकं टेकून झोपली होती. माझ्या कपावर बशी झाकलेली, खाली थंडगार चहा, वर साय. मी तो आवाज न करता प्यायले. आज जिना मी कुठेही न थांबता चढले होते, तेच तिला सांगायचं होतं. पण उठवलं नाही. शेजारी बसून राहिले.