दोघांच्या नावाची दुवा

ओरोझबेक ट्रायथलॉनकडे वळला तो एका माणसाचा जबडा मोडल्यामुळे. वसंतात उलाकचा सामना होता. मेलेल्या बोकडाच्या धुडासाठी दोन्हीकडचे घोडे एकमेकांना भिडले होते, आणि समोरच्या स्वाराने याच्या मांडीखालचं धूड ओढून घेतलं. ओरोझबेकने चाबकाची मूठ फिरवली आणि त्याच्या तोंडावर हाणली. त्या माणसाचे दोन दात घोड्याच्या आयाळीत सापडले. उलाकमध्ये मार बसतोच, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण हा दणका शिट्टी वाजल्यानंतरचा होता. पंचांनी त्याला दोन वर्षं मैदानाबाहेर बसवलं.

पस्तिशीचा, खांबासारखा माणूस घरात बसून बसून कुणाची हाडं मोडणार, याचीच घरच्यांना धास्ती होती. तेवढ्यात इसिक-कुल सरोवराच्या काठावर ऑगस्टमध्ये पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिहेरी शर्यत होणार असल्याचं कळलं. त्याने स्वतःचं नाव घातलं आणि न विचारताच धाकट्या भावाचंही घातलं. धाकटा केंजेबेक बावीस वर्षांचा, अंगाने काटकुळा, पण पाण्यात मासा. थोरला सांगेल त्याला "हो बाइके", म्हणजे हो दादा, म्हणायचं, हे तो चालायला लागल्यापासून शिकला होता.

सरावाचं एप्रिलचं लक्ष्य ठरलं आणि पुरं झालं. मेचं दुप्पट ठरलं, तेही पुरं झालं. इथेच ओरोझबेकचं डोकं फिरलं, असं माझं मत आहे. दोनदा जमलं की माणसाला वाटतं, आपल्याला गणित समजलं. जूनसाठी त्याने तबेल्याच्या दारावर खडूने लिहिलं: पोहणं चाळीस किलोमीटर, सायकल एक हजार, धावणं दोनशे. खाली रेघा मारून प्रत्येकाची दोन-दोन घरं पाडली, एक त्याचं आणि एक केंजेचं.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर त्याने बापापुढे हात पसरले. बाप कासिमअली सत्तरीचा होता, आणि शर्यतीचे घोडे तयार करण्यात आख्ख्या दक्षिण काठावर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"आताके, दुवा द्या. जून महिना आम्हा दोघांचा."

म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं. "एवढं?"

"एवढंच."

"घोड्याला महिना कळत नाही रे. मी त्याचा घाम बघतो. पहिला घाम चिकट येतो, मग पातळ होत जातो, आणि पाण्यासारखा आला की घोडा तयार. कधी वीस दिवसांत येतो, कधी चाळीस. ज्या दिवशी घोडा जवाला तोंड लावत नाही, त्या दिवशी मी त्याला बांधून ठेवतो. तारीख बघत नाही."

"आम्ही घोडे नाही, आताके."

"ते दिसतंच आहे. घोड्याला अक्कल असते." म्हातारा हसला आणि केंजेकडे वळला. "आणि तू रे? तुझं काय म्हणणं?"

केंजेने थोरल्याकडे पाहिलं. "बाइके म्हणतील तसं."

कासिमअलीने नाइलाजाने तळवे उघडले, दोन शब्द पुटपुटला आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. बाकीच्यांनीही फिरवले. झालं. भरल्या ताटापुढे, बापाच्या तोंडून दुवा घेतलेलं काम आमच्याकडे सोडत नाहीत. सोडलं तर गाव तोंडावर काही म्हणत नाही, फक्त पुढच्या वेळी तुमच्यासाठी कुणी हात उघडत नाही. ओरोझबेकला हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याने दुवा मागितली होती. आपण घसरलो तर मागे भिंत हवी, असा त्याचा हिशेब. त्या भिंतीला धाकट्यालाही बांधून टाकलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पहिला आठवडा बरा गेला. आठ तारखेला केंजेला ताप भरला आणि चार दिवस वाया गेले. ओरोझबेकने ते चार दिवस उरलेल्या दिवसांवर वाटून टाकले. आधीच भरलेल्या गाढवावर आणखी चार पोती टाकावी तसे. बाराव्या दिवशी खोकत खोकत केंजे सायकलवर बसला.

सतराव्या दिवशी वरच्या कुरणातून उतरताना मेंढपाळाची तीन कुत्री अंगावर आली. ओरोझबेकने चालत्या सायकलवरूनच हवा भरायचा पंप काढला आणि पहिल्या कुत्र्याचं कपाळ फोडलं. दुसऱ्याच्या बरगडीत लाथ घातली, तसं ते केकाटत उताराने गडगडत गेलं. तिसऱ्याने तोवर केंजेची पोटरी धरली होती. केंजे सायकलसकट खडीवर आपटला. ओरोझबेक मागे आला आणि कुत्रं सुटेपर्यंत पंपाने बडवत राहिला, सुटल्यावरही बडवत राहिला. मेंढपाळ घोडा फेकत आला आणि याच्या पाठीवर चाबकाचे दोन फटके ओढून गेला. शर्ट फाटून रक्त आलं. ओरोझबेकला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट त्याला बरंच वाटलं, उलाकच्या मैदानात आल्यासारखं.

"ऊठ," तो केंजेला म्हणाला. "बावीस किलोमीटर राहिलेत."

"बाइके, पाय बघा ना."

"पायाने सायकल चालते. लचका पोटरीला आहे. ऊठ."

केंजे उठला. बावीस किलोमीटर त्याने रडत काढले, आणि ओरोझबेकने मागे वळून पाहिलं नाही. दवाखान्यात टाके पडले, सुया टोचल्या, आणि पुन्हा तीन दिवस गेले. ते तीनही महिन्याच्या शेवटी ढकलले गेले.

पंचविसाव्या दिवशी कासिमअलीने थोरल्याला तबेल्यामागे गाठलं. "पोरगा जेवत नाही. पुढ्यातलं मटण कुत्र्याला घालतो. दिसत नाही तुला?"

"पाच दिवस राहिलेत, आताके."

"मी त्याला बांधून ठेवला असता."

"दुवा तुम्हीच दिलीत."

म्हातारा वळला आणि घोड्यांना पाणी दाखवायला गेला. तो गप्प बसला ते चुकलंच. पण थोरल्या मुलापुढे गप्प बसायची सवय त्या घरात त्यालाही लागली होती.

तीस तारीख उजाडली. ओरोझबेकचं सगळं पुरं झालं होतं. केंजेची सायकल झाली होती, धावणंही कसंबसं झालं होतं. पोहण्याचे पाच किलोमीटर राहिले होते. जुन्या धक्क्यापासून खडकापर्यंत अर्धा किलोमीटर. म्हणजे पाच वेळा जाऊन यायचं. केंजे धक्क्यावर गुडघ्यात डोकं घालून बसला होता आणि त्याचे दात वाजत होते.

"मी नाही उतरणार," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा तो थोरल्याला नाही म्हणाला. ओरोझबेकला आधी हसूच आलं. "काय म्हणालास?"

"छातीत दुखतंय. नाही उतरणार. दुवा तुम्ही मागितलीत, मी नाही."

पहिली थप्पड एवढी जोरात बसली की केंजे धक्क्याच्या फळ्यांवर आडवा झाला. दुसरी उठता उठता. मग ओरोझबेकने त्याला गचांडीला धरून उभा केला आणि पोटात गुडघा घातला. केंजेने हात उचलला नाही, अडवलंही नाही. तो फक्त "बाइके, बाइके" म्हणत राहिला, आणि त्याने ओरोझबेकचा राग आणखी भडकला. मार खाणारा उलटून अंगावर आला तर निदान लढाई तरी होते. त्याने भावाला पोत्यासारखा पोहण्याच्या रबरी पोशाखात कोंबायला घेतलं, पण सुजलेली पोटरी आत जाईना. तेव्हा त्याने पोशाख भिरकावून दिला.

"नुसत्या चड्डीत पोह. बापाचं तोंड काळं करतोस? जा!"

आणि त्याने केंजेला पाण्यात लोटलं. स्वतः पोशाख चढवून मागोमाग उडी घेतली.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. केंजे पोहत होता, पण मासा म्हणावं असं काही त्यात उरलं नव्हतं. तो थांबला की ओरोझबेक मागून त्याच्या मांडीवर गुद्दा मारायचा. तिसऱ्या फेरीला पश्चिमेकडून वारा सुटला, तो उलान, ज्याला पाहून कोळी जाळी तशीच टाकून काठाला येतात. पाणी काळं पडलं आणि लाटा तोंडावर फुटू लागल्या.

"परत चला!" केंजे ओरडला.

"निम्म्याहून पुढे आलोय! खडक गाठ!"

पुढच्या लाटेनंतर केंजे दिसला नाही. मग त्याचं डोकं वर आलं, तोंड उघडं, डोळे पांढरे, आणि पुन्हा खाली गेलं. ओरोझबेकने बुडी मारून त्याच्या केसांना धरलं. वर येताच केंजेने त्याच्या गळ्याला मिठी मारली. बुडणाऱ्याच्या हातात दहा माणसांचं बळ येतं. त्याने थोरल्याला पायाखाली घेतलं, त्याच्या तोंडात बोटं घातली, गाल ओरबाडला, खांद्यावर चढला. दोघंही खाली गेले. ओरोझबेकच्या नाकातोंडात पाणी शिरलं आणि त्याला कळलं की आपण इथेच मरतोय, तेही स्वतःच्या भावाच्या हातून. त्याने मूठ वळली आणि केंजेच्या कानशिलावर हाणली. मिठी सुटेना. तो हाणत राहिला. चौथ्या ठोशाला केंजेचं अंग सैल पडलं.

मग हनुवटीखाली हात घालून त्याला उताणा ओढत ओरोझबेक काठाकडे निघाला. चारशे मीटर होते. त्या चारशे मीटरमध्ये त्याने महिन्याभराचे सगळे आकडे विसरून एकच गोष्ट मागितली, आणि ती मागताना त्याला हात उघडायलाही मोकळा हात नव्हता. काठावर दोन कोळ्यांनी केंजेला पालथा घालून पाणी काढलं. पाण्याबरोबर रक्त आलं. पण तो खोकला, आणि ओरोझबेक वाळूवर बसून गुरासारखा हंबरून रडला.

इस्पितळात डॉक्टरने दोन्ही फुप्फुसांना सूज असल्याचं सांगितलं. ती आज आलेली नाही, दोन आठवडे तरी जुनी आहे, असंही सांगितलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या, एका कानाचा पडदा फाटला होता. "हे पाण्यानं झालेलं नाही," डॉक्टर म्हणाला आणि ओरोझबेकच्या मुठींकडे पाहून निघून गेला.

कासिमअली बाकावर बसला होता. त्याने मुलाला शिवी दिली नाही.

"दुवा मोडायची नसते, म्हणून मी..." ओरोझबेक सांगू लागला.

"कोण म्हणालं मोडायची नसते? पोर आजारी पडलं की बापाकडे यायचं आणि म्हणायचं, आताके, जमत नाही, दुसरी द्या. मी तिथल्या तिथे दिली असती. आजवर शंभर माणसांना दिलीय." म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "तुला मागायची लाज वाटली. त्या लाजेपायी माझं पोर मारलं असतंस."

तीन दिवसांनी केंजेला शुद्ध आली. थोडं सूप पोटात गेलं, आणि नर्सने ओरोझबेकला आत सोडलं. तो खाटेपाशी येऊन उभा राहिला. केंजे खिडकीकडे तोंड करून पडला होता. त्याचं पांघरूण खांद्यावरून घसरलं होतं. ते नीट करावं म्हणून ओरोझबेकने हात पुढे केला.

हाताची सावली उशीवर पडली, आणि केंजेने सलाईनच्या सुईसकट दोन्ही हात उचलून डोकं झाकून घेतलं.