चौकोनी कंसातली आई

परराष्ट्र खात्यातल्या निवडक कर्मचाऱ्यांना वाटाघाटींचे इंग्रजी शिकवणारा वर्ग कार्यालयाच्या तळमजल्यावर, जुन्या फायली हलवून रिकाम्या केलेल्या खोलीत भरत असे. शिकवायला एक निवृत्त राजदूत येत. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘महामहिम’ म्हणत. हे कानावर येऊनही महामहिमांना त्यात काही वावगे वाटले नव्हते. वर्गात पहिला येणाऱ्याची नेमणूक परदेशातल्या दूतावासात होणार होती. दोघा भावांतला धाकटा या वर्गाला जात होता तो त्या नेमणुकीवर डोळा ठेवूनच.

महामहिमांची शिकवण साधी होती. ज्या शब्दांवर एकमत होत नाही, ते चौकोनी कंसात टाकावेत आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळावे. कंस शेवटी सोडवायचे असतात. पण शेवट येतो तेव्हा विमानाची वेळ झालेली असते. मग तिथे असे वाक्य घालायचे, की दोन्ही बाजूंना घरी जाऊन आपणच जिंकलो असे सांगता यावे.

परीक्षेसाठी प्रत्येकाने एक खराखुरा वाद घेऊन त्यावर संयुक्त निवेदन तयार करायचे होते. धाकट्याला वाद शोधायला लांब जावे लागले नाही. आई राहत होती ती भाड्याची जागा मालकाने विकली होती, आणि महिनाअखेर आईने कोणाकडे जायचे, हा विषय त्याने आणि दादाने आजवर शिताफीने टाळला होता. दादा बँकेत व्यवस्थापक होता आणि इंग्रजी बोलायची संधी तो सहसा सोडत नसे. एका रविवारी दोघे आईच्याच स्वयंपाकघरात टेबलाच्या दोन टोकांना बसले. मधे आई मटार सोलत होती. तिचे मन दुखावू नये म्हणून बोलणी इंग्रजीत झाली.

ती खेळीमेळीची झाली, याबद्दल दुमत नाही. दादाने आपल्या घरी एकच न्हाणीघर असल्याकडे लक्ष वेधले; धाकट्याने आपल्या जिन्याबद्दल चिंता व्यक्त केली. आईच्या प्रकृतीबद्दल दोघांनी समाधान मानले, तिच्या कष्टांची नोंद घेतली आणि सामायिक जबाबदारीचा पुनरुच्चार केला. ‘कोणाकडे’ एवढेच कंसात उरले. शेवटी तेही काढून त्यांनी ‘सर्वांना सोयीच्या ठिकाणी’ असे लिहिले आणि हस्तांदोलन केले. काय ठरले, असे आईने विचारले. सगळे छान ठरले, असे दादाने सांगितले.

निवेदनाला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले. महामहिमांनी ते मोठ्याने वाचून दाखवले आणि चष्मा पुसत ते म्हणाले, “यात कोणी कोणाला काहीही कबूल केलेलं नाही, आणि तरी वाचताना गहिवरून येतं.” नेमणूक पक्की झाली. धाकट्याने आईला फोनवर बातमी सांगितली, तेव्हा तिकडे थंडी किती असते, एवढेच तिने विचारले.

जागा सोडायच्या सकाळी दोघे भाऊ आपापली गाडी घेऊन हजर झाले. दादा आईचा निरोप घ्यायला आला होता, कारण निवेदनाप्रमाणे ती धाकट्याकडे जाणार होती. धाकटाही निरोप घ्यायलाच आला होता, कारण त्याच निवेदनाप्रमाणे ती दादाकडे जाणार होती. दोघांचेही बरोबर होते. नवा मालक किल्लीसाठी दारात ताटकळत होता. आई ट्रंकेवर बसली होती.

“मग बसू कोणाच्या गाडीत?”

दादा आपल्या बुटांकडे पाहू लागला. धाकट्याचे शिक्षण धावून आले.

“आई, या प्रश्नाची आम्हां दोघांनाही पूर्ण जाणीव आहे.”

“जाणीव आहे ना? मग उचला ट्रंक.”

एकेक कडी धरून दोघांनी ट्रंक फाटकापर्यंत आणली. एक गाडी डावीकडे होती, एक उजवीकडे. ट्रंक मधे लोंबकळत राहिली. कोणी ओढेना, कोणी खाली ठेवेना. तुझी गाडी जवळ आहे, असे दादाने सुचवले. दादाची डिकी मोठी असल्याचे धाकट्याने निदर्शनास आणले.

एवढ्यात आई त्यांना वळसा घालून गेली आणि धाकट्याच्या गाडीचे पुढचे दार उघडून आत बसली. दादाने या घडामोडीचे मनापासून स्वागत केले आणि ट्रंक तिकडे ओढली. महामहिमांनी अशा प्रसंगासाठी काय सांगितले होते, ते धाकट्याला काही केल्या आठवेना.

“सांभाळून ठेव रे,” आई काच खाली करून म्हणाली. “शाल वरच आहे. परदेशात लागेल मला.”